धोक्याची ओळख : ख्रिस्ती साधनेतील ‘आठ विचारां’पासून ‘सात पापां’पर्यंत

प्रास्ताविक

मध्ययुगीन युरोपचा इतिहास शिकविताना ‘सात महापापां’चा उल्लेख बहुधा चर्चच्या भिंतींवरील चित्रांच्या किंवा दान्तेच्या महाकाव्याच्या निमित्ताने येतो. अहंकार, मत्सर, क्रोध, आळस, लोभ, खादाडपणा आणि कामवासना ही नावे फळ्यावर लिहिली जातात, आपल्याकडील षड्रिपूंशी त्यांची झटपट तुलना होते आणि तास पुढे सरकतो. ही यादी बायबलमधील असावी अशी विद्यार्थ्यांची समजूत असते. अध्यापकांचीही पुष्कळदा तीच असते. वस्तुतः बायबलमध्ये ही यादी कोठेही नाही. ‘नीतिसूत्रे’च्या सहाव्या अध्यायात परमेश्वराला अप्रिय अशा सात गोष्टी सांगितल्या आहेत, परंतु त्यांत खोटी साक्ष आहे, निर्दोषाचे रक्त सांडणारे हात आहेत, आळस किंवा खादाडपणा नाही. सात पापांच्या यादीचे मूळ शोधत गेल्यास आपण इ. स. च्या चौथ्या शतकाच्या अखेरीस ईजिप्तच्या वाळवंटात येऊन पोहोचतो. तेथे आपल्याला सातांऐवजी आठ गोष्टी सापडतात, आणि महत्त्वाचे म्हणजे त्यांना पापे असे म्हटलेलेच नाही. त्यांचे ग्रीक नाव ‘लोगिस्मोई’, म्हणजे विचार, असे आहे.

विचारांपासून पापांपर्यंतचा हा प्रवास केवळ नावांचा किंवा संख्येचा फेरफार नव्हता, असे प्रस्तुत निबंधाचे म्हणणे आहे. आपल्यावर येऊ घातलेला धोका साधकाला वेळीच ओळखता यावा म्हणून रचलेले एक साधन पुढील आठशे वर्षांत, घडून गेलेल्या अपराधांची मोजदाद करण्याचे साधन बनले. या बदलाचे लाभही होते. तथापि सद्गुणाचे रूप घेऊन येणारे, साधनेच्या पोटातच जन्मणारे धोके ओळखण्याची दृष्टी त्यात अंधूक झाली.

वाळवंट आणि त्यातील निरीक्षक

ख्रिस्ती साधकाचे वाळवंटाशी असलेले नाते शुभवर्तमानापासून सुरू होते. मत्तय आणि लूक या दोघांच्याही वृत्तांतानुसार येशूची परीक्षा अरण्यात, चाळीस दिवसांच्या उपवासानंतर झाली. (‘मोहात पाडणे’ या अर्थाच्या मूळ ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलने ‘परीक्षा’ हा शब्द योजला आहे. तो अधिक अचूक आहे, असे मला वाटते.) या प्रसंगातील एक तपशील पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास सुचविताना सैतान शास्त्रवचनाचाच आधार घेतो, आणि ते वचन एक्याण्णवाव्या स्तोत्रातील आहे. धोका पवित्र ग्रंथाची भाषा बोलू शकतो, ही जाणीव या परंपरेच्या आरंभीच नोंदली गेली आहे.

चौथ्या शतकात रोमन साम्राज्याने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला आणि रक्तसाक्षीचा काळ सरला. तेव्हा ईजिप्त, पॅलेस्टाइन व सीरिया येथील अनेक स्त्री-पुरुष गावे सोडून ओसाड प्रदेशात राहू लागले. संत अंतोनी (मृत्यू इ. स. ३५६) हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होय. अलेक्झांड्रियाचा बिशप अथेनेशियस याने त्याचे जे चरित्र लिहिले, त्यात अंतोनीच्या तोंडी एक दीर्घ प्रवचन आहे. आलेला आत्मा चांगला की वाईट हे त्याच्या तेजस्वी रूपावरून न ठरविता, तो गेल्यावर मनात काय उरते त्यावरून ठरवावे, असा त्याचा आशय आहे. प्रसन्न शांतता उरली तर एक निष्कर्ष, खळबळ आणि भीती उरली तर दुसरा. ही कसोटी अनुभवावर आधारलेली आहे. तिला शास्त्राचे रूप देणारा पुरुष मात्र अंतोनीसारखा निरक्षर शेतकरी नव्हता.

इव्हाग्रिअसचा जन्म सुमारे इ. स. ३४५ मध्ये पाँटस प्रांतातील इबोरा येथे, म्हणजे आजच्या उत्तर तुर्कस्तानात झाला. कॅसरियाचा बिशप बॅसिल याने त्याला वाचक नेमले आणि नाझियान्झसच्या ग्रेगरीने डीकनपदाची दीक्षा दिली. इ. स. ३८१ च्या सुमारास तो कॉन्स्टँटिनोपलमध्ये वादपटू म्हणून नावाजलेला होता. त्यानंतरचा भाग त्याचा शिष्य पॅलाडियस याने लिहून ठेवला आहे. एका उच्च अधिकाऱ्याच्या पत्नीवर त्याचे मन जडले. आपण बेड्यांत पडलो आहोत असे त्याने स्वप्नात पाहिले आणि शुभवर्तमानावर हात ठेवून शहर सोडण्याची शपथ वाहिली. जाग आल्यावर, स्वप्नातली असली तरी शपथ ती शपथच, असे म्हणून तो जेरुसलेमला निघाला. तेथे थोड्याच दिवसांत तो पुन्हा उंची वस्त्रे घालून हिंडू लागला. मग दीर्घ ज्वराने अंथरुणाला खिळला असता ऑलिव्ह पर्वतावरील मठाची संस्थापिका मेलानिया हिने त्याच्या दुखण्याचे मूळ अचूक ओळखले व त्याच्याकडून संन्यासाचे वचन घेतले. सुमारे इ. स. ३८३ मध्ये तो ईजिप्तला गेला. दोन वर्षे नायट्रियात आणि पुढे इ. स. ३९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत केल्लिया येथे तो राहिला.

‘केल्लिया’ या नावाचा अर्थच ‘कुट्या’ असा आहे. नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेस असलेले हे स्थान १९६४ मध्ये आंत्वान गियोमाँ या फ्रेंच अभ्यासकाने पुन्हा निश्चित केले; नंतरच्या उत्खननांत तेथे शेकडो वास्तूंचे अवशेष मिळाले. त्यांतील बरेचसे इव्हाग्रिअसनंतरच्या शतकांतील आहेत. त्याच्या काळी कुट्या एकमेकींपासून आवाज पोहोचणार नाही इतक्या अंतरावर असत. संन्यासी आठवडाभर एकटे राहत आणि शनिवार-रविवारी सामूहिक उपासनेसाठी व भोजनासाठी एकत्र येत. उरलेले दिवस हातांना काम आणि मनाला प्रार्थना. इव्हाग्रिअस पोथ्यांच्या नकला करून पोट भरी. त्याचे अक्षर सुंदर होते, असे पॅलाडियस आवर्जून सांगतो. नगरातल्या माणसाचा झगडा वस्तूंशी असतो आणि एकांतवाशाचा विचारांशी, हे त्याचे मूलभूत निरीक्षण याच जीवनक्रमातून आले आहे.

आठ विचार

इव्हाग्रिअसने मांडलेला क्रम असा : खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, आकेडिया, लोकेषणा आणि अहंकार. ‘प्राक्टिकोस’ या शंभर सूत्रांच्या ग्रंथात ही मांडणी येते; आंत्वान व क्लेअर गियोमाँ यांनी १९७१ मध्ये त्याची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केल्यापासून या विषयाचा अभ्यास भक्कम पायावर उभा राहिला. या आठांची नावे देऊन झाल्यावर लगेच इव्हाग्रिअस जे विधान करतो, त्यावर सर्व विवेचन उभे आहे. हे विचार आपल्याला सतावतात की नाही हे आपल्या हाती नाही. ते मनात रेंगाळतात की नाही, विकार चेतवतात की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे, असा त्याचा आशय आहे. विचार येणे हा दोष नव्हे, एवढे मान्य झाले की साधक त्याकडे लाज न बाळगता पाहू शकतो.

म्हणूनच इव्हाग्रिअस साधकाला निरीक्षकाचे काम देतो. विचार केव्हा तीव्र होतात, केव्हा मंदावतात, कोणत्या वेळी येतात, कोणामागून कोण येतो, कोणते दोन विचार एकत्र नांदू शकत नाहीत, हे टिपून ठेवावे आणि मग त्यांची कारणे ख्रिस्तापाशी विचारावीत, असा त्याचा सल्ला आहे. तो या विचारांमागे दुरात्मे आहेत असे मानतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांच्या अस्तित्वाचा निवाडा करण्याचे कारण नाही. परंतु या श्रद्धेमुळे साधक आपल्या मनातील विचारापासून थोडा बाजूला उभा राहून त्याला नाव देऊ शकत होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आठ नावांच्या खाली इव्हाग्रिअसने जी वर्णने दिली आहेत ती वाचल्यावर नेहमीच्या समजुतीला धक्का बसतो. खादाडपणाच्या सूत्रात मिष्टान्ने नाहीतच. तेथे पोटाची, यकृताची, प्लीहेची काळजी आहे. दीर्घ आजार, औषधाची टंचाई आणि वैद्य जवळ नसणे आहे. उपवासाने प्रकृती गमावलेल्या बांधवांची आठवण आहे. धनलोभाच्या सूत्रात सोन्याचे ढीग नाहीत. लांबत जाणारे म्हातारपण, काम न करू शकणारे हात, येऊ घातलेला दुष्काळ आणि दुसऱ्यांपुढे हात पसरण्याची लाज, असे तेथले चित्र आहे. हे दोन्ही विचार दूरदर्शीपणाच्या आवाजात बोलतात. संन्याशाला ते इतके समंजस वाटावेत की त्यांना धोका म्हणण्याचीच त्याला लाज वाटावी, अशी त्यांची ठेवण आहे.

दुपारचा सैतान

या आठांमध्ये इव्हाग्रिअसने सर्वांत बारकाईने रेखाटला आहे तो ‘आकेडिया’. या ग्रीक शब्दाची फोड ‘अ’ आणि ‘केडोस’ (आस्था, काळजी) अशी होते. युरोपीय भाषांना त्यासाठी नेमका शब्द सापडत नाही. मराठीत ‘अनास्था’ हा शब्द घडणीनेही जवळजवळ तोच आहे. या विचाराला तो दुपारचा सैतान म्हणतो. हे नाव एक्याण्णवाव्या स्तोत्राच्या ग्रीक भाषांतरातून आले आहे, म्हणजे अरण्यात सैतानाने ज्यातील वचन उद्धृत केले त्याच स्तोत्रातून.

चौथ्या प्रहरघटिकेच्या सुमारास, म्हणजे आपल्या हिशोबाने सकाळी दहाला, हा विचार येतो आणि दुपारी दोनपर्यंत कुटीला वेढा घालून बसतो. सूर्य हलतच नाही असे वाटू लागते. दिवस पन्नास तासांचा होतो. संन्यासी खिडकीकडे पाहतो, बाहेर येतो, जेवणाची तीन वाजताची वेळ किती दूर आहे याचा सूर्याकडे पाहून अंदाज घेतो, कोणी भेटायला येत आहे का हे न्याहाळतो. मग या जागेचा, या जीवनाचा, हातातल्या कामाचा तिटकारा येतो. बांधवांत प्रेम उरले नाही, आपले सांत्वन करणारे कोणी नाही, असे मनात येते; अलीकडे कोणी दुखावले असेल तर तेही याच वेळी आठवते. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी अधिक सोयीने राहता येईल, आणि देवाची उपासना काय कोठेही करता येते, असा पुढचा युक्तिवाद असतो. शेवटी घरची माणसे आठवतात आणि समोर अजून किती वर्षे काढायची आहेत याचे दीर्घ चित्र उभे राहते. दुपारच्या सत्रात तास घेतलेल्या कोणाही अध्यापकाला यातील पहिला भाग ओळखीचा वाटेल.

या वर्णनात आळस शोधू गेल्यास तो फारसा सापडत नाही. हा संन्यासी निजत नाही. तो अस्वस्थपणे हालचाल करतो आहे, आणि त्याने शोधलेली कारणे सगळी प्रतिष्ठित आहेत. ‘देव सर्वत्र आहे’ हे तत्त्व धर्मदृष्ट्या निर्दोष आहे. येथे ते कुटी सोडण्यासाठी वापरले जात आहे. इव्हाग्रिअसचा उपाय साधा आहे : जागा सोडू नये. याशिवाय प्रत्येक विचाराला द्यावयाचे शास्त्रवचनरूपी उत्तर त्याने ‘अँटिर्हेटिकोस’ या आठ भागांच्या संग्रहात एकत्र केले. मूळ ग्रीक नष्ट झालेला हा ग्रंथ सिरियाक भाषांतरात टिकला आहे. आकेडियाशी झुंज संपली की दुसरा कोणताही विचार लगेच येत नाही आणि मनात शांतता व अवर्णनीय आनंद उरतो, अशी नोंदही त्याने केली आहे.

येथे षड्रिपूंशी होणाऱ्या तुलनेबद्दल थोडे लिहिणे अगत्याचे आहे. काम, क्रोध, लोभ आणि मद यांचे प्रतिरूप इव्हाग्रिअसकडे मिळते, हे खरे. परंतु त्याच्या यादीत मत्सर नाही आणि आपल्या षड्रिपूंत आकेडिया नाही. मत्सराला शेजारी लागतो. आकेडियाला एकांत लागतो. यादीत काय आहे यापेक्षा ती कोणाच्या जीवनक्रमातून निघाली हे पाहिल्याखेरीज अशा तुलनांना अर्थ राहत नाही.

सद्गुणाच्या वेषात

यादीच्या शेवटच्या दोन विचारांकडे वळल्यावर पेच अधिक गहन होतो. लोकेषणा साधकाची प्रगती झाल्यावर येते; किंबहुना प्रगतीवरच ती जगते. आपण आजाऱ्यांना बरे करीत आहोत, लोक दाराशी गर्दी करीत आहेत, आपली इच्छा नसताना आपल्याला बांधून धर्मगुरुपदाच्या दीक्षेसाठी नेत आहेत, अशी चित्रे ती रंगवते. (दीक्षेसाठी बळजबरीने नेण्याचे प्रकार त्या काळी खरोखर घडत, त्यामुळे हे कल्पनाचित्र वाटते तितके हास्यास्पद नव्हते.) या विचारातून सुटणे कठीण, कारण त्याच्या नाशासाठी तुम्ही जे कराल तेच नव्या लोकेषणेचे निमित्त होते, असे इव्हाग्रिअस मान्य करतो. लोकेषणा आणि कामवासना एकत्र राहू शकत नाहीत म्हणून एकीने दुसरीला हुसकावण्याची काट्याने काटा काढावा तशी युक्तीही तो सांगतो. पण असे करणे विकारमुक्तीच्या जवळ असल्याचे लक्षण आहे, मुक्ती नव्हे, हेही तो लपवीत नाही.

अहंकाराचे काय होते हे पॅलाडियसने सांगितलेल्या व्हॅलेन्सच्या कथेत दिसते. हा पॅलेस्टाइनमधला कठोर तपस्वी होता. एकदा अंधारात टोपली शिवताना त्याची सुई पडली आणि ती सापडावी म्हणून कोठूनसा प्रकाश झाला. एवढ्यावर त्याचे मन फुगले. पुढे हजारो दीपधारी दूतांसह ख्रिस्त आपल्याला भेटला असे त्याने पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये जाऊन, आपण आजच ख्रिस्ताला पाहिले असल्याने आपल्याला प्रभुभोजनाची गरज नाही असे त्याने जाहीर केले. वडीलधाऱ्यांनी त्याला वर्षभर बेड्यांत ठेवले आणि प्रार्थनेने व साध्या दिनक्रमाने बरे केले. उपचार आजच्या दृष्टीने क्रूर आहे. तथापि निदान कशावरून झाले हे पाहावे : दर्शन खरे की खोटे यावर वाद झाला नाही, जे दर्शन बांधवांच्या पंक्तीतून माणसाला उठविते ते संशयास्पद, एवढे पुरेसे ठरले.

दुसरी कथा अधिक दारुण आहे. ती जॉन कॅशिअनने आपल्या ‘संवादां’त अब्बा मोशे याच्या तोंडी घातली आहे. हेरोन नावाचा वृद्ध पन्नास वर्षे वाळवंटात होता. त्याचा उपवास इतका कडक की पुनरुत्थानाच्या सणालाही तो बांधवांबरोबर जेवावयास येत नसे. थोडी डाळ खाल्ली तरी आपला नियम सैल झाला असे दिसेल, अशी त्याला भीती. अखेर प्रकाशाच्या दूतावर विश्वास ठेवून, आपल्या पुण्यामुळे आपल्याला इजा होणार नाही हे सिद्ध करण्यासाठी त्याने मध्यरात्री खोल विहिरीत उडी घेतली. मंदिराच्या शिखरावरची सूचना येथे शब्दशः पाळली गेली. बांधवांनी त्याला अर्धमेला बाहेर काढले. तिसऱ्या दिवशी तो मेला. आपण फसलो हे त्याने शेवटपर्यंत मान्य केले नाही. आत्महत्या करणाऱ्यांत त्याची गणना होऊ नये यासाठी मठप्रमुख पॅफ्नूशियस मोठ्या कष्टाने राजी झाला.

आठ विचारांच्या यादीवर हेरोनला तपासले असते तर त्याच्यावर कोणता ठपका ठेवता आला असता? तो खात नव्हता, साठवीत नव्हता, कुटी सोडत नव्हता. त्याच्याकडे नव्हता तो ‘डायाक्रिसिस’, म्हणजे विवेक. अब्बा मोशेच्या त्या संवादाचा विषयच हा आहे की उपवास, जागरण आणि त्याग यांच्याही वर विवेक आहे, आणि तो एकट्याने मिळत नाही; आपले विचार ज्येष्ठांपुढे उघड करणाऱ्यालाच तो लाभतो.

विचारांची पापे कशी झाली

इ. स. ३९९-४०० मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप थिओफिलस याने ओरिजेनच्या मतांच्या अनुयायांविरुद्ध मोहीम उघडली आणि नायट्रिया व केल्लियातील अनेक संन्याशांना देशोधडीला लावले. इव्हाग्रिअस त्याच्या काही महिने आधी मरण पावला होता. पुढे इ. स. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या दुसऱ्या परिषदेशी निगडित निषेधपत्रांत त्याच्या तात्त्विक मतांचा धिक्कार झाला, आणि नंतरच्या परिषदांनी ओरिजेन व डिडिमस यांच्याबरोबर त्याचे नाव पाखंड्यांत घातले. धोके ओळखण्यास शिकविणारा स्वतःच धोका ठरला. त्याचा ‘प्रार्थनेविषयी’ हा ग्रंथ नायलस या दुसऱ्याच संताच्या नावावर शतकानुशतके वाचला गेला. तो इव्हाग्रिअसचा आहे हे इरेने होशेर याने १९३४ मध्ये दाखविले.

लॅटिन जगात ही विद्या नेली ती कॅशिअनने. ईजिप्तमध्ये बरीच वर्षे काढून तो अखेर मार्सेयला स्थायिक झाला आणि तेथे त्याने ‘मठसंस्था’ व ‘संवाद’ हे ग्रंथ लिहिले. आठ विचार त्याने घेतले; इव्हाग्रिअसचे नाव एकदाही घेतले नाही. त्याचे वाचक गॉलमधील सामूहिक मठांत राहणारे होते, आणि येथेच पहिला बदल घडला. त्याच्या लेखणीत ‘विचारां’ऐवजी ‘दुर्गुण’ हा शब्द रुळला. आकेडियावरील प्रकरणात त्याने संत पौलाच्या अंगमेहनतीविषयीच्या उपदेशाला मोठी जागा दिली. अब्बा पौल या संन्याशाची त्याने सांगितलेली कथा प्रसिद्ध आहे. बाजारापासून सात दिवसांच्या वाटेवर राहणारा हा वृद्ध वर्षभर खजुरीच्या पानांचे काम करी आणि वर्षाअखेरीस ते सगळे जाळून टाकी. काम हे येथे निव्वळ औषध आहे. तरीही एकदा कामच औषध ठरल्यावर आजाराचे नाव आळस पडण्यास फार वेळ लागत नाही. सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या नियमावलीत वाचनाच्या वेळी ज्येष्ठांनी मठात फिरावे आणि कोणी आकेडियाग्रस्त बांधव वाचन सोडून गप्पा मारीत तर नाही ना हे पाहावे, असा आदेश आहे. इव्हाग्रिअसच्या संन्याशाने स्वतःला न्याहाळावे अशी अपेक्षा होती. बेनेडिक्टच्या मठात त्याला दुसरा न्याहाळतो.

निर्णायक फेरफार पोप पहिला ग्रेगरी (कारकीर्द इ. स. ५९०-६०४) याने ‘ईयोब’च्या पुस्तकावरील आपल्या भाष्याच्या एकतिसाव्या भागात केला. अहंकाराला त्याने यादीबाहेर काढून सर्व दुर्गुणांची राणी केले आणि तिच्या हाताखाली सात सेनापती दिले : लोकेषणा, मत्सर, क्रोध, खिन्नता, धनलोभ, खादाडपणा आणि कामवासना. मत्सर आत आला, आकेडिया गेला. त्याची काही लक्षणे खिन्नतेच्या संततीत विखुरली. ग्रेगरी स्वतः रोमचा नगराधिकारी होता, मग मठवासी झाला आणि अखेर त्याला इच्छेविरुद्ध पोपपद घ्यावे लागले. त्याच्यासमोर एकांतवासी नव्हते, बिशपांपासून जमीनदारांपर्यंतचा समाज होता. एकमेकांशेजारी राहणाऱ्या माणसांच्या यादीत मत्सर येणे स्वाभाविक होते. पुढे लोकेषणा अहंकारात विलीन झाली आणि खिन्नतेच्या जागी आकेडिया परत आला. पण परतला तो बहुधा आळस म्हणून. तेराव्या शतकात थॉमस अॅक्वायनस याने त्याची व्याख्या दैवी हिताविषयी वाटणारी खिन्नता अशी करून मूळ गांभीर्य राखण्याचा प्रयत्न केला. लोकप्रवचनांत मात्र उपासनेला उशिरा येणारा तो आकेडियाग्रस्त, एवढाच अर्थ उरला.

इ. स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करावे असा नियम केला. गावोगावच्या धर्मगुरूंना आता एक सुटसुटीत प्रश्नावली हवी होती आणि सात पापांनी ती पुरविली. या यादीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याला स्वतःच्या आचरणाकडे पाहण्याची भाषा तिने दिली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु घडलेल्या कृत्यांची नोंद करणाऱ्या या वहीत हेरोनसाठी रकाना नव्हता.

मन्रेसा

तो रकाना किती आवश्यक होता हे तीनशे वर्षांनी पुन्हा दिसून आले. २० मे १५२१ रोजी पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने जायबंदी झालेला बास्क सरदार इग्नेशियस लोयोला घरी पडून असता ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे वाचू लागला. शौर्याची व प्रेमाची स्वप्ने रंगविताना मजा वाटते पण नंतर मन कोरडे पडते. संतांसारखे जगण्याच्या कल्पनेनंतर मात्र प्रसन्नता टिकून राहते, हे त्याला जाणवले. अंतोनीची जुनी कसोटी त्याला अंथरुणावर पुन्हा सापडली होती.

पुढील वर्षी मोन्सेरात येथे त्याने तीन दिवस खर्चून लेखी पापनिवेदन केले आणि तो मन्रेसा गावी राहिला. तेथे त्याला शंकांनी घेरले : एखादे पाप सांगायचे राहिले तर नाही ना? तो पुन्हा पुन्हा जुनी पापे सांगे आणि दर वेळी अधिक बारीकसारीक काही आठवे. राहत्या खोलीत एक मोठे भगदाड होते. त्यातून स्वतःला झोकून द्यावे असा आवेग त्याला वारंवार येई. देवाने सुटका करेपर्यंत अन्न घ्यायचे नाही म्हणून त्याने आठवडाभर उपवास केला. तो पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूच्या आज्ञेवरून सोडला. विहिरीपर्यंत जाणारी हीच वाट होती, आणि तिच्यावर त्याला आणले होते ते पापांच्या मोजदादीनेच. इग्नेशियस वाचला तो दोन कारणांनी. त्याने दुसऱ्याची आज्ञा मानली, आणि हा विचार कोणत्या मार्गाने आत आला याचा त्याने माग काढला. त्यानंतर गतकाळातील पापे पुन्हा सांगायची नाहीत असे त्याने ठरविले.

१५४८ मध्ये छापलेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेत आत्म्यांची पारख करण्याचे दोन नियमसंच आहेत. पहिल्यात चौदा नियम असून ते साधनेच्या आरंभीच्या लोकांसाठी आहेत. दुसऱ्यातील आठ नियम पुढे गेलेल्यांसाठी. दुसऱ्या संचाचा रोख प्रकाशदूताचे रूप घेणाऱ्या धोक्यावर आहे. विचारांच्या ओघाचा आरंभ, मध्य आणि शेवट तिन्ही तपासावेत, असे तो सांगतो; आरंभ पवित्र असला म्हणून भागत नाही. या नियमामागचा एक प्रसंग अध्यापकवर्गाला विशेष रुचेल. १५२४ मध्ये, वयाच्या तिशीनंतर, बार्सिलोनात तो मुलांबरोबर लॅटिन व्याकरण शिकू लागला. पाठांतराला बसले की त्याला उच्च आध्यात्मिक अर्थ स्फुरू लागत आणि धातुरूपे मागे पडत. प्रार्थनेत किंवा उपासनेत असे स्फुरण येत नाही, ते नेमके व्याकरणाच्या वेळीच येते, हे ध्यानात आल्यावर त्याने ते परीक्षा म्हणून ओळखले. तो शिक्षकाकडे गेला, सर्व हकिगत त्याने सांगितली आणि दोन वर्षे एकही पाठ चुकविणार नाही असे वचन दिले.

इग्नेशियसने स्थापलेल्या जेझुइट संघाद्वारे या दोन्ही परंपरा आपल्या किनाऱ्यावर आल्या. फ्रान्सिस झेवियर मे १५४२ मध्ये गोव्यात उतरला. १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ सिद्ध करणारा थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये आला. जेझुइट होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला उमेदवारीच्या काळात ‘आध्यात्मिक साधना’ करावी लागे, म्हणजे विचारांचा माग काढण्याचे शिक्षण त्याला मिळालेले असे. याच लोकांनी नवख्रिस्ती गावकऱ्यांसाठी स्थानिक भाषांत प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाची पुस्तके रचली. स्टीफन्सच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूर येथे छापले गेलेले त्याचे कोंकणी पुस्तक त्यांतलेच होय. त्या काळच्या अशा पुस्तकांत पापांची यादी हा ठरलेला भाग असे. सासष्टीच्या गावकऱ्याच्या वाट्याला प्रामुख्याने यादी आली आणि ती शिकविणाऱ्याच्या वाट्याला नियम, असे म्हणावे लागते. स्टीफन्सने मराठी ओवीत शुभवर्तमान आणले. अंतोनी-इव्हाग्रिअस-इग्नेशियस ही पारखविद्या मराठीत त्या तोडीने का उतरली नाही, हा प्रश्न आपल्याकडील ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासकांनी अजून हाती घ्यावयाचा आहे.